न दिसणे आणि नसणे

जुन्या मोटारगाडीच्या रेडिएटरमधले पाणी दिवसागणिक उणे होत जावे, गाडी घाटात तापावी, आणि तरीही रात्रभर ती जेथे उभी होती तेथली फरशी सकाळी ठणठणीत कोरडी आढळावी, ह्या प्रसंगात वरवर पाहता तत्त्वचिंतनाला विषय होईल असे काही नाही. तो मिस्त्रीच्या अखत्यारीतला मामला आहे, असेच कोणीही म्हणेल. परंतु त्या कोरड्या फरशीकडे बोट दाखवून गाडीचा मालक जेव्हा म्हणतो, की गळती असती तर दिसली असती, दिसत नाही त्या अर्थी ती नाही, तेव्हा तो नकळत एका अशा वादात पक्षकार होतो, जो ह्या देशात मीमांसक, नैयायिक, बौद्ध आणि चार्वाक ह्यांच्यामध्ये शतकानुशतके चालला आणि ज्याच्या निकालावर आत्मा, धर्म आणि ईश्वर ह्यांचेही असणे-नसणे अवलंबून होते. न दिसणे हे नसण्याचे प्रमाण होऊ शकते काय, आणि होत असेल तर कोणत्या अटीवर, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर गॅरेजात आणि दर्शनग्रंथांत एकच आहे असे माझे मत आहे. दुःख एवढेच, की दोन्ही ठिकाणी ते आपण अर्धेच पाळतो.

आधी वस्तुस्थिती. इंजिनात पेट्रोल पेटते त्या क्षणी वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. त्या उष्णतेचा चौथा, फार तर तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो, एक मोठा हिस्सा सायलेन्सरवाटे निघून जातो, आणि उरलेल्याचा बराचसा भार पाण्याला वाहावा लागतो. पंप हे पाणी ब्लॉकच्या आणि हेडच्या पोकळ्यांतून खेळवतो, ते पुरेसे तापल्याशिवाय, म्हणजे सुमारे 80 ते 88 अंशांपर्यंत आल्याशिवाय, थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाण्याची मुभा देत नाही, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाताना पंख्याचा व रस्त्याचा वारा त्याची उष्णता काढून घेतो. ह्या सर्व बंदोबस्ताच्या माथ्यावर रेडिएटरची कॅप बसलेली असते. ती नुसते झाकण नव्हे. तिच्या पोटातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, जुन्या बांधणीच्या गाड्यांत चौरस इंचाला 7 पौंडांच्या आसपास आणि पुढच्या काळातल्या गाड्यांत 13 ते 15 पौंडांपर्यंत, आणि दाबाच्या प्रत्येक पौंडागणिक पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाहून थोडा अधिक वर चढतो. समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळणारे पाणी महाबळेश्वरी सुमारे 95 अंशांवरच उकळू लागते. म्हणजे चढामुळे इंजिन अधिक तापते त्याच वेळी उंचीमुळे पाण्याची सहनशक्ती कमी होते. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या पद्मिनी आणि अँबॅसिडर गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ह्या गणिताचा प्रत्यय निराळा सांगायला नको.

आता पाणी जाते कोठे? होज पाइपाला क्लिपेखाली चीर पडते. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्यामुळे रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी भरतात आणि गंजाने फुटतात. वॉटर पंपाचे सील झिजले म्हणजे पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रातून पाणी झिरपू लागते, आणि ते छिद्र जणू तक्रार नोंदवण्यासाठीच ठेवलेले असल्यामुळे ते बुजवणे हा शुद्ध गुन्हा आहे. आणि ज्या गळतीच्या नुसत्या नावाने मालकाच्या पोटात गोळा उठतो ती म्हणजे हेड आणि ब्लॉक ह्यांच्यामधले गॅसकेट जाऊन पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरणे. ह्या कारणांचा तपास करण्याऐवजी पाणी ओतत राहणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक रिवाज आहे. हळदीची पूड रेडिएटरमध्ये टाकली की सूक्ष्म भोक बुजते, हा ड्रायव्हर मंडळींचा जुना इलाज आडरानात अडकलेल्या गाडीला घरी आणतो, हे मी नाकारीत नाही. पण ज्या हळदीने भोक बुजते तिनेच शेजारची धड नळीही बुजते, आणि पुढे तपासाला बसणाऱ्या माणसाच्या हाती मूळ कसुराचा पुरावा राहत नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणे हाही त्याच जातीचा उद्योग. ज्ञानाच्या आधी उपाय केला की उपाय बहुधा ज्ञानाची वाट बंद करून ठेवतो, आणि मला ह्या रिवाजाचा राग येतो तो गाडीच्या नुकसानीपेक्षा ह्या कारणासाठी अधिक.

मालकाच्या विधानाकडे परत येऊ. अभावाचे ज्ञान कशाने होते ह्याविषयी आपल्या दर्शनकारांत मोठी तफावत आहे. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैतवेदान्ती अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, ह्या नावाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक अभाव प्रत्यक्षानेच कळतो असे म्हणतात. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू, म्हणजे आधारभूत खूण, म्हणून जागा देतात. परंतु प्रमाणांच्या संख्येवरून इतके कडाक्याने भांडणारी ही मंडळी एका अटीवर मात्र एक आहेत, आणि ह्या एकमताचे मला फार महत्त्व वाटते: जी वस्तू तेथे असती तर खात्रीने दिसली असती, तिचेच न दिसणे हे तिच्या नसण्याचे प्रमाण होय. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण तेथे दिसण्याची योग्यताच नव्हती. धर्मकीर्तींनी तर ही अयोग्यता देशामुळे, काळामुळे आणि स्वभावामुळे अशी तीन प्रकारांनी येते हे दाखवून, अशा ठिकाणी न दिसण्याने फक्त संशय उत्पन्न होतो, निश्चय नव्हे, असे स्पष्ट बजावले आहे.

कोरड्या फरशीची साक्ष ह्या कसोटीवर घासून पाहावी. गॅसकेटमधून सिलिंडरमध्ये जाणारे पाणी फरशीवर कधीच पडणार नाही. ते देशाने दूर आहे. इंजिन तापून दाब चढल्यावरच उघडणारी चीर रात्री थंड गाडीत मिटलेली असते. हे काळाने दूर असणे. आणि तापलेल्या बिडावर पडलेला थेंब तत्काळ वाफ होऊन जातो. ही दूरता स्वभावाची. म्हणजे धर्मकीर्तींच्या तिन्ही अयोग्यता एका बॉनेटखाली नांदत असताना फरशीच्या कोरडेपणावरून गळती नाही असा निवाडा देणे हे, साक्षीदार घटनास्थळी हजर नव्हता ह्या कारणाने घटनाच घडली नाही असे ठरवण्यासारखे आहे.

उलट बाजूची घाईही तितकीच त्याज्य आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसला, की हेड गॅसकेट गेले, असा हुकूम सोडणारे पुष्कळ भेटतात. धर्मकीर्तींच्याच न्यायबिंदूमध्ये सदोष हेतूचे एक उदाहरण असे आहे, की समोर जे दिसते ते धूर की वाफ ह्याचाच संशय असताना त्यावरून अग्नीचे अनुमान केले, तर तो हेतू असिद्ध होय. आणि येथे शब्दशः तोच प्रसंग आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते, त्यामुळे थंडीच्या सकाळी अगदी निरोगी गाडीच्याही मागे पांढरी वाफ दिसायचीच. ती इंजिन पुरते तापल्यानंतरही थांबली नाही, कूलंट भरलेल्या गाडीत तिला गोडसर वास आला, प्लग काढून पाहिल्यावर इतर प्लग काजळलेले आणि एकच धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ निघाला, तर मात्र संशयाला वजन येते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणाऱ्या दुधाळ सायीचेही असेच. पावसाळ्यात बाजारापर्यंतच जाऊन येणाऱ्या गाडीत दमट हवेमुळे ती साय धरते. ऑइलची काडी काढल्यावर सगळे ऑइलच ताकासारखे दिसले आणि त्याची पातळी वर चढलेली आढळली, तर गोष्ट निराळी.

न्यायसूत्रांत अनुमानावर घेतलेला एक आक्षेप मला ह्या संदर्भात नेहमी आठवतो. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला असे तुम्ही अनुमान करता, पण खाली कोठे प्रवाह अडला तरीही पाणी चढते, तेव्हा तुमचे अनुमान अप्रमाण, असे पूर्वपक्षी म्हणतो. त्यावर उत्तर असे, की दोष अनुमानाचा नसून अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. वेगाने वाहणारा, फेस, पाने, फळे आणि लाकडे वाहून आणणारा पूर हा पावसाचाच पूर असतो, आणि तुंबलेले पाणी तसे नसते. हेतूचे विशेष पाहिले की व्यभिचार, म्हणजे हेतूचे फसणे, मिटतो. चांगला मिस्त्री हेच करतो. गाडी गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होते, तर तो पंखा आणि त्याचा पट्टा पाहतो. वेगात तापते आणि सावकाश चालवली की ठीक राहते, तर रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या असाव्यात असे धरतो. सुरू करताच थोड्या वेळात तापली आणि इंजिन कढत असतानाही रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप थंडच लागला, तर थर्मोस्टॅट उघडत नसावा हे त्याला हातानेच कळते. ताप हे लक्षण एकच. त्याचे विशेष निरनिराळे. तापमानाच्या काट्यावर तर त्याचा विश्वास सर्वांत कमी, कारण पाणी इतके उतरले की तापमान मोजणारा भाग उघडा पडतो, तेव्हा इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो, आणि मालक समाधानाने पुढे गाडी हाकतो.

पाणी गेले म्हणून गाडी तापली, की तापली म्हणून पाणी उकळून गेले? हा अन्योन्याश्रय आहे, आणि तो यंत्राकडे नुसते पाहून सुटत नाही, कारण तापल्याने हेड वाकते, गॅसकेट जाते, आणि गेलेल्या गॅसकेटमुळे पुन्हा गाडी तापते; चक्र एकदा फिरू लागले की पहिले कोण हे धातूवर लिहिलेले नसते. येथे चालकाची जबानी हेच प्रमाण. जो गाडी रोज चालवतो आणि ज्याला खोटे बोलण्याचे कारण नाही, त्याचे वचन आप्तवाक्य म्हणून घ्यावे लागते.

वाईतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या गाडीचा तपास मी पाहिला आहे. केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश ज्या गावी सिद्ध झाला, त्या गावात अनुपलब्धीचा असा धडा मिळावा ह्याचे मला समाधान वाटते. गाडी जुन्या बांधणीची. रेडिएटरला जादा पाणी साठवण्याची बाटली नाही, नुसती एक निकासनळी खाली सोडलेली. गावात पाणी कमी होत नसे. पसरणी घाट चढून पाचगणीला गेले की होई. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना हेड उघडण्याचा सल्ला मिळाला होता, आणि हेड उघडणे म्हणजे नवे गॅसकेट, लेथवर फेसिंग आणि मोठा खर्च. ज्या मिस्त्रीचा तपास मी पाहिला, त्याने आधी फक्त विचारले, "गुरुजी, काटा आधी चढतो, का पाणी आधी कमी होतं?" गुरुजींनी आठवून सांगितले, की काटा नेहमीच्या जागी असतानाच खालून वाफेचा आवाज येतो, आणि काटा चढतो तो नंतर. मग गार इंजिनाची कॅप काढून (तापलेल्या इंजिनाची कॅप काढणे म्हणजे दाबाखाली थोपवलेले पाणी एका क्षणात उकळवून स्वतःच्या हातातोंडावर घेणे होय) त्या जागी दाब देण्याचा हातपंप बसवला आणि 7 पौंडांपर्यंत दाब चढवला.

ह्या हातपंपाचे तात्त्विक महत्त्व असे, की तो अयोग्याला योग्य करतो. घाटातला दाब तो गॅरेजात आणतो, तोही थंड इंजिनात, जेथे पडलेला थेंब वाफ होऊन पळत नाही. काळाची आणि स्वभावाची अयोग्यता अशी दूर होते, आणि देशाची अयोग्यता पंपावरच्या दाबमापकाचा काटा दूर करतो, कारण पाणी आत जावो वा बाहेर, दाब उतरलाच पाहिजे. पाव तास गेला. काटा हलला नाही. पंप, पाइप, रेडिएटर, सर्व कोरडे. रेडिएटरच्या तोंडाशी निळे रसायन धरून चालू इंजिनाची हवा त्यातून खेचली. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असता तर ते पिवळे पडले असते, ते निळेच राहिले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे आता गळती नाही, हे तरी सिद्ध झालं." त्यावर मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, हे यंत्र बसवायला मी काय काढून ठेवलं, ते बघा की."

काढून ठेवली होती ती कॅप. जेथे यंत्र बसते तेथेच ती बसत असल्यामुळे, ह्या परीक्षेत सर्वांची झडती होते आणि तिची एकटीची होत नाही. तिच्यासाठी निराळा जोड लावून दाब दिला, तेव्हा 7 पौंड धरायची ती कॅप 3 पौंडांच्या आसपासच सुटू लागली. आतले रबर कडक होऊन चिरलेले होते. घाटावर, जेथे पाण्याचा उत्कलनबिंदू मुळातच उतरलेला, तेथे ती कॅप उघडत होती आणि वाफ निकासनळीतून रस्त्यावर जात होती. नळीचे टोक गुरुजींनी स्वतः हातात धरून पाहिले. त्याच्या कडेला जड पाण्याच्या क्षारांचा पांढरट थर चढला होता. तो थर कित्येक दिवस तेथे असणार, पण कोणी नळीचे टोक पाहिलेच नव्हते. नवी कॅप बसवली, आणि पुढच्या खेपेपासून पाणी जागच्या जागी राहिले. हेड उघडावे लागले नाही.

योग्यतेची अट किती खोल जाते, हे ह्या कॅपने मला शिकवले. परीक्षा घेतली एवढ्याने भागत नाही; परीक्षेने स्वतःच्या मांडणीत कोणाची जागा घेतली आणि कोणाला गैरहजर केले, ह्याचीही खातरजमा करावी लागते. आणि हे मान्य केले, की ईश्वरविषयक वादाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. चार्वाक म्हणतो, ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही. मिथिलेचे उदयनाचार्य दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधीवर न्यायकुसुमांजलीत त्याला विचारतात, की न दिसणे एवढेच पुरत असेल तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने, बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती मेली असे समजून ऊर बडवीत रडत बसायला हवे. आणि ईश्वर तर इंद्रियांना दिसण्याच्या योग्यतेचाच नाही, तेव्हा त्याचे न दिसणे हे कशाचेच प्रमाण नव्हे. मी रोज देवपूजा करणारा मनुष्य आहे, आणि हा युक्तिवाद मला, तो जेवढे सांगतो तेवढ्यापुरता, बिनतोड वाटतो. पण तो फक्त प्रतिपक्षाचा पुरावा फेटाळतो. आपली बाजू सिद्ध करीत नाही. आपल्या धार्मिक लेखनात आणि कीर्तनांत ह्या दोन गोष्टींची सरसकट गल्लत होते, आणि अदृश्याचा आडोसा घेऊन दृश्याचा तपास टाळला जातो. गावात दूषित विहिरीच्या पाण्याने मूल दगावते आणि वडीलधारे पूर्वकर्मावर बोट ठेवून उठतात, तेव्हा ते मीमांसकांचाच दंडक मोडतात. कारण दृष्ट कारणाने उलगडा होत असता अदृष्टाची कल्पना करू नये, हा नियम यज्ञयागांचा कट्टर कैवार घेणाऱ्या त्या शास्त्राने स्वतःवर घालून घेतलेला आहे. विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली नसताना पूर्वकर्माचे नाव घेणे मला अधार्मिक वाटते.

राहता राहिला खुद्द ईश्वराचा प्रश्न. गुरुजींच्या गाडीत सर्व परीक्षा निर्दोष ठरल्यावरही मिस्त्री हट्टाने शोधत राहिला, आणि तो हट्ट पोकळ नव्हता, कारण पाणी कमी होत होते हे निर्विवाद होते. काल पातळी कोठे होती हे सर्वांना ठाऊक होते. उदयनाचार्यांनाही अशा निर्विवाद कार्याची गरज जाणवली, म्हणूनच जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता हवा, हे त्यांच्या मांडणीचे पहिले अनुमान आहे. परंतु जग नव्हते अशी पातळी कोणी पाहिली? मीमांसकांनी हाच सवाल केला होता, की जग आज आहे तसे कधी नव्हते असे मानण्याला आधार काय. आणि उदयनाचार्यांनी सृष्टी व प्रलय ह्यांचा पक्ष सविस्तर मांडून त्याला उत्तर दिले. प्रलय मानला तर खूण सापडते खरी. पण त्या खुणेला साक्षी राहणारा तोच एक, ज्याच्या असण्याचा पुरावा आपण शोधीत आहोत. गाडीच्या बाबतीत असा अन्योन्याश्रय चालकाच्या जबानीने सुटतो. येथे जबानी वेदाची, आणि न्यायमताने वेदाचे प्रामाण्य पुन्हा ईश्वराच्याच आप्तत्वावर उभे. न्यायकुसुमांजली मी पुष्कळदा वाचली, ती पटावी ही इच्छा धरून वाचली, आणि ह्या जागी ती मला अजून पटलेली नाही.